धाकटीला हा सिनेमा चालेल का?

सुट्टीत सिनेमाला जायचं ठरतं, कुणीतरी तिकिटं काढायला मोबाइल हातात घेतं आणि तिथंच घोडं अडतं. सिनेमाच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘यूए ७+’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी साडेचारची. ‘कार्टूनच तर आहे, काय होतंय’ असं एक जण म्हणतं. ‘आणि ती रडली तर बाहेर कोण घेऊन बसणार?’ असं दुसरं. शेवटी बहुतेक वेळा तिकिटं निघतात, कारण धाकटीला ठेवायचं कुठं हा प्रश्न त्याहून अवघड असतो.

आधी त्या बारीक अक्षरांचं बघू. आपल्याकडे सिनेमाला प्रमाणपत्र मिळतं ते १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. सुरुवातीला ‘यू’ आणि ‘ए’ असे दोनच वर्ग होते, म्हणजे सगळ्यांसाठी किंवा फक्त प्रौढांसाठी. १९८३ मध्ये ‘यूए’ आला. बारा वर्षांखालच्या मुलांनी आईवडिलांच्या मार्गदर्शनाखाली बघावा, असा त्याचा अर्थ. पुढची चाळीस वर्षं चार वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एकाच रांगेत बसलं. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. पूर्वीपेक्षा हे नक्कीच बरं आहे.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, यूएचं वय हा सल्ला आहे आणि तो तुम्हाला दिलेला आहे. ‘ए’ सिनेमाला दारावरचा माणूस मुलाला अडवतो, अडवायलाच हवं. ‘यूए १३+’ला पाच वर्षांचं मूल कडेवर घेऊन गेलात तर तो अडवणार नाही. वयाची ही खूण आईवडिलांनी विचारात घेण्यासाठी आहे, इतर कुणी तिची सक्ती करायची नाही, असं कायदाच म्हणतो. दुसरी गोष्ट, ‘यू’ म्हणजे आक्षेप घेण्यासारखं काही नाही, एवढंच. सिनेमा लहान मुलांसाठी केलाय असा त्याचा अर्थ होत नाही. जमिनीच्या वाटण्या, भावाभावांतला अबोला, सासू-सुनेतली धुसफूस असा अडीच तासांचा सोज्वळ सिनेमा ‘यू’ असू शकतो आणि चार वर्षांच्या मुलाला त्यात पॉपकॉर्नशिवाय काहीही नसतं.

२०१६ साली ‘द जंगल बुक’ आला तेव्हा आपल्या प्रमाणपत्र मंडळानं त्याला ‘यूए’ दिला होता. मोगलीच्या गोष्टीला यूए म्हणून लोकांनी भरपूर टिंगल केली. थ्रीडीत प्राणी अंगावर येतात, लहान मुलं घाबरतील, असं कारण तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी दिलं होतं. निहलानींचे बाकीचे निर्णय बाजूला ठेवू, ते ठेवलेलेच बरे, पण इथं मला त्यांचं पटलं होतं. आपल्याला मोगली म्हटलं की रविवार सकाळचं दूरदर्शन आठवतं. पडद्यावर मात्र हुबेहूब खरा वाटणारा शेरखान झेप घेत असतो आणि पोरीच्या नाकावर तिच्या मापाला मोठा झालेला काळा चष्मा असतो.

मुलं अशी घाबरतात याचं कारण वयात आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी मुलं पडद्यावरच्या कशाला घाबरतात याचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या अभ्यासातलं हल्कचं उदाहरण बोलकं आहे. हल्क हा भला माणूस. राग आला की हिरवा राक्षस होतो, पण वाईटाला मारतो आणि चांगल्याला वाचवतो. थोड्या मोठ्या मुलांना हे समजतं, त्यामुळे तो हिरवा झाला की त्यांना हायसं वाटतं. बालवाडीतली मुलं नेमकी त्याच क्षणाला घाबरतात, कारण ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत भलताच कुणीतरी झालेला असतो. तो आतून चांगला आहे हे त्या वयात उपयोगी पडत नाही. दिसतं ते खरं.

म्हणून साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलासाठी सिनेमा जोखताना कथा थोडी बाजूला ठेवा आणि चित्र नि आवाज बघा. विद्रूप चेहरे, माणसाचं जनावर होणं, एकदम अंगावर येणारं काही, अंधारात वाढत जाणारं संगीत, मोठ्यांचं ओरडणं. आणि या सगळ्यांच्या वर एक गोष्ट: आई किंवा बाबा नाहीसे होणं. आठ-नऊ वर्षांनंतर भीती जागा बदलते. राक्षसाला मूल हसायला लागतं, पण घरात चोर शिरणं, मुलाला पळवणं, आग, अपघात, युद्ध हे ‘खरंच होऊ शकतं’ म्हणून मनात बसतं. त्यामुळे एकाच सिनेमात धाकटी चेटकिणीला बघून मांडीवर चढते आणि थोरला भलत्याच साध्या वाटणाऱ्या प्रसंगाचा धसका घेऊन येतो. दोघांना एकच फूटपट्टी लावू नका.

‘फाइंडिंग नीमो’चं बघा. २००३ चा हा सिनेमा कुणीही डोळे मिटून मुलांचा म्हणेल. नारिंगी-पांढरा मासा, निळंशार पाणी, विनोद. आता त्याची पहिली काही मिनिटं आठवा. नवं घर घेतलेलं जोडपं, शेकडो अंडी, बाळांना नावं काय ठेवायची याच्या गप्पा. मग पाण्यात शांतता पसरते आणि समोर एक मोठा, दातांचा मासा थांबलेला दिसतो. बाबा शुद्धीवर येतात तेव्हा आई नाही, अंडी नाहीत, एकच उरलेलं. मारामारी जवळजवळ दाखवलेलीच नाही, रक्त नाही. प्रमाणपत्र देणारा आक्षेप घेणार कशावर? पण साडेचार वर्षांची मुलगी उरलेला सगळा वेळ ‘त्याची आई कुठंय?’ हेच विचारत बसू शकते. उपाय अगदी सोपा आहे. घरी बघत असाल तर ही सुरुवात गाळून नीमो शाळेत निघतो तिथून लावा. पहिल्या वेळी काहीही बिघडत नाही. सातव्या वर्षी पुन्हा बघाल तेव्हा सुरुवातीपासून बघा.

‘द लायन किंग’मध्ये अशी पळवाट नाही, कारण सिंबाच्या बापाचं, मुफासाचं मरण गोष्टीच्या मधोमध आहे आणि ते गाळलं तर गोष्टच उरत नाही. सिंबा बापाला ढोसतो, उठ म्हणतो, शेवटी त्याच्या पंजाखाली जाऊन पडतो. इथं वय वाढायची वाट बघणं हाच मार्ग. दोन आवृत्त्यांतली निवड करायची असेल तर मी मुलांना आधी १९९४ ची दाखवीन. काढलेल्या चित्रात एक अंतर असतं. २०१९ च्या आवृत्तीतले सिंह खऱ्यासारखे आहेत आणि ते अंतर तिथं उरत नाही.

कार्टून आहे म्हणून मुलांचा, हा समज तर मोडून काढायलाच हवा. जपानच्या घिबली स्टुडिओचे दोन सिनेमे १९८८ च्या एप्रिलमध्ये एकाच तिकिटावर जोडीनं लागले होते. एक ‘माय नेबर टोटोरो’. दोन बहिणी, नवं घर, झाडाच्या ढोलीत राहणारा केसाळ, गलेलठ्ठ टोटोरो. त्यात खलनायकच नाही. आई दवाखान्यात आहे आणि शेवटाकडे धाकटी बहीण थोडा वेळ हरवते, एवढीच काय ती काळजी. जेमतेम दीड तासाचा. चार-पाच वर्षांच्या मुलाचा पहिला सिनेमा कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. जोडीला होता ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’. दुसऱ्या महायुद्धात आई गमावलेली दोन भावंडं आणि त्यांची उपासमार. मोठा माणूस तो एकदा बघतो आणि दुसऱ्यांदा बघायचं टाळतो. स्टुडिओ तोच, चित्रांची नजाकत तीच.

आपल्याकडे याचंच दुसरं रूप आहे: पोस्टरवर लहान मूल, म्हणजे मुलांचा सिनेमा. मराठीत तर ही गफलत हटकून होते, कारण गेल्या वीसेक वर्षांतले आपले कितीतरी चांगले सिनेमे मुलाच्या डोळ्यांनी बघितलेले आहेत. ‘श्वास’, ‘टिंग्या’, ‘फॅन्ड्री’, ‘किल्ला’, ‘नाळ’. पण मुलाबद्दलचा सिनेमा आणि मुलासाठीचा सिनेमा यांत फरक आहे. २०१८ साली ‘नाळ’ आला तेव्हा त्यातलं ‘जाऊ दे न व’ घराघरात वाजत होतं. गाण्यातला चैत्या आईच्या मागे मागे फिरत हट्ट करतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना तो आपल्यातलाच वाटला आणि आईबाप हौसेनं थिएटरात गेले. सिनेमा मात्र चैत्याला आपण दत्तक आहोत हे कळतं त्याबद्दल आहे. ही आपली जन्मदाती नव्हे हे समजल्यावर तो आईला न्याहाळत राहतो, तिच्या प्रत्येक वागण्याचा वेगळा अर्थ लावत राहतो. उत्तम सिनेमा आहे. दहा वर्षांच्या मुलाबरोबर जरूर बघावा. सहा वर्षांचं मूल मात्र त्यातून एकच प्रश्न घरी आणणार: ‘तू माझी खरी आई आहेस ना?’ आणि घरात मूल खरोखरच दत्तक असेल आणि ते अजून सांगितलेलं नसेल, तर त्या अंधारात बसलेल्या आईबापाची काय अवस्था होईल?

इथं प्रमाणपत्राचं काम संपतं. तुमच्या घरात गेल्या सहा महिन्यांत काय घडलं हे कुठल्याही मंडळाला माहीत नसतं. आजोबा दवाखान्यातून परत आले नाहीत, कुत्रं गाडीखाली गेलं, बाबांची बदली झाली, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. ऑपरेशन ठरलेल्या मुलाला ‘श्वास’ दाखवायला कुणी जाणार नाही, पण दूर जायच्या तयारीत असलेल्या मुलाला ‘तारे जमीन पर’ दाखवणारे असतात. त्यात आईवडील ईशानला वसतिगृहात सोडून निघतात तो भाग मोठ्यांनाही झेपत नाही. सिनेमा निवडायच्या आधी आपल्या मुलाचं सध्या काय चाललंय ते आठवा.

आता थोडं वादाचं. ‘श्यामची आई’ पाच-सहा वर्षांच्या मुलाला दाखवू नये, असं माझं मत आहे. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, पिढ्यान्‌पिढ्या शाळांनी मुलांना रांगेनं नेऊन तो दाखवला, आणि संस्कार म्हटलं की पहिलं नाव त्याचंच येतं. पण शेवटी आई जाते. त्या वयाच्या मुलाला यापेक्षा मोठी भीती नाही. पुन्हा ‘मी आईचं ऐकलं नाही म्हणून ती गेली’ असा हिशेब मूल मनात मांडतं, कारण त्या वयात जगातलं सगळं आपल्यामुळेच होतं असं वाटतं. नऊ-दहा वर्षांचं होऊ द्या. तेव्हा ते श्यामसाठी रडेल आणि आपल्या आईला बिनघोर हाक मारेल.

उलट बाजूही आहे. पडद्यावर ओठ जवळ आले की आपल्या घरांत रिमोट शोधायची धांदल उडते, आजोबा खाकरतात, आईला पाणी प्यायचं आठवतं. चार वर्षांच्या मुलाला त्या प्रसंगाचं काहीही नसतं, आपली गडबड मात्र पक्की लक्षात राहते. याच घरात जाड्या माणसाला, तोतऱ्याला, काळ्या मुलीला हसणारे विनोद तासभर चालू असतात आणि कुणी खाकरत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणातरी ढोल्या मुलाला नवं नाव मिळतं. माझ्या लेखी तीन वर्षांच्या मुलापुढचं चुंबन ही किरकोळ बाब आहे आणि कमजोराची टवाळी ही गंभीर बाब. तुमचा क्रम वेगळा असेल, तर निदान तो ठरवून लावलेला असू द्या.

मग कळणार कसं? सगळ्यात खात्रीचा मार्ग आपण आधी बघणं. थिएटरच्या सिनेमाला ते परवडत नाही, हे मान्य. ट्रेलरवर जाऊ नका. मुलांच्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये विनोद वेचून घेतलेले असतात. बघून आलेल्या कुणाला तरी विचारा, पण ‘मुलांना चालेल का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो, चालेल की’ असंच येतं. नेमकं विचारा: आईवडिलांपैकी कुणी मरतं का? मूल हरवतं का? प्राणी मरतो का? सगळ्यात भीतीचा प्रसंग कोणता आणि तो किती वेळ चालतो? शेवटी सगळं जुळून येतं का? हा शेवटचा प्रश्न मोलाचा, कारण मुलाला भीती वाटण्यापेक्षा ती न फिटणं जास्त त्रास देतं. विशाल भारद्वाजांच्या ‘मकडी’त माणसांची जनावरं करणारी चेटकीण आहे, जुळ्या बहिणींतल्या एकीची कोंबडी होते, आणि शबाना आझमींचा तो अवतार मोठ्यांनाही दचकवतो. पण शेवटी चेटकिणीचं बिंग फुटतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अशी भीती हवीच असते, ती त्यानं जरूर चाखावी.

इंग्रजी सिनेमा असेल तर ‘कॉमन सेन्स मीडिया’ या अमेरिकी संकेतस्थळावर कोणत्या वयाला चालेल आणि त्यात काय काय आहे हे सविस्तर मिळतं. ब्रिटनचं प्रमाणपत्र मंडळही आपल्या संकेतस्थळावर प्रमाणपत्रामागचं कारण थोडक्यात देतं, आणि तिकडे लागलेल्या हिंदी सिनेमांचंही देतं. मराठी सिनेमासाठी मात्र शेजारची काकूच. घरच्या ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे वयाच्या खुणेबरोबर हिंसा, भाषा, भीती असे शब्द सुरुवातीला कोपऱ्यात येतात. आकड्यापेक्षा ते शब्द वाचा. ‘यूए १३+’ आणि त्यावरच्या गोष्टींना कुलूप लावायची सोयही त्यांना द्यावीच लागते. मुलाचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. मुलाचा वाढदिवस पिन म्हणून ठेवू नका, तो त्याला पाठ असतो.

थिएटरचं एक वेगळंच गणित आहे. अडीच तास, काळोख, आणि मोठ्यांच्या कानांना बेतानं वाटणारा पण मुलाच्या छातीत धडधडणारा आवाज. तीन वर्षांच्या मुलाला गोष्टीआधी आवाजच रडवतो. म्हणून पहिला सिनेमा घरीच बघा, दिवा लावून, हवं तर दोन दिवसांत अर्धा-अर्धा. थिएटरला नेताना सकाळचा किंवा दुपारचा खेळ घ्या, कडेच्या खुर्च्या घ्या आणि दहा मिनिटं उशिरा आत शिरा. सिनेमात कुणी विडी-सिगारेट ओढताना दाखवलं असेल तर सुरुवातीला तंबाखूविरोधी जाहिरात लागते, आणि तोंडाच्या कर्करोगाची ती दृश्यं ज्या मुलानं एकदा पाहिली ते पुढच्या वेळी दाराशीच अडून बसतं. ती जाहिरात मध्यंतरानंतर पुन्हा येते, तेव्हा त्या वेळी समोसा सावकाश संपवा. बाहेर घेऊन कोण बसणार हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा, अंधारात त्यावरून कुजबुजत भांडायची वेळ येऊ देऊ नका.

मूल घाबरलंच तर ‘अगं, खोटं असतं ते’ हे वाक्य पाच वर्षांच्या आत फारसं चालत नाही. मांडीवर घेणं, हात धरणं, पाणी देणं, डोळे झाकायला शिकवण्यापेक्षा सरळ बाहेर नेणं, हे चालतं. सात-आठच्या पुढे समजावणं उपयोगी पडू लागतं. मग रंगरंगोटी कशी करतात, संगणकावर वाघ कसा तयार करतात हे दाखवा, मुलांना ते आवडतं. भित्री म्हणू नका आणि भावंडालाही म्हणू देऊ नका. तिकिटाचे पैसे गेल्याची चर्चा तिच्यासमोर नको. पुढचे चार-आठ दिवस ती तोच प्रसंग बाहुल्यांबरोबर खेळेल, शंभरदा तेच विचारेल. ते चालू द्या, मन त्या गोष्टीला आपल्या मापाचं करून घेत असतं. पंधरा दिवस उलटले तरी झोपच लागत नसेल, एकटी संडासला जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

खरी पंचाईत होते ती दुसऱ्याच्या घरी. मावसभावाचा वाढदिवस, केक कापून झाला, दहा पोरं गाद्यांवर आडवी आणि टीव्हीवर काय लावायचं हे तेरा वर्षांचा दादा ठरवणार. यजमानांना उपदेश वाटेल असं काही बोलू नका. मुलाला सोडताना एवढंच सांगा: ‘वहिनी, हिला अंधारातलं आणि भुताचं चालत नाही, रात्री झोपत नाही मग. काही मोठ्या मुलांचं लावलंत तर हिला स्वयंपाकघरात तुमच्याजवळ बसवा, नाहीतर मला फोन करा, मी येते.’ बहुतेक वहिनी हसून हो म्हणतात, आणि चारातली एक तरी म्हणते, ‘बरं झालं सांगितलंस, आमच्याकडेही तेच आहे.’ मुलीलाही तिच्यापुरतं सांगून ठेवा की नको वाटलं तर उठून काकूकडे जायचं, कुणाला विचारायची गरज नाही.